हाय तशीच

"झोप! झोप आधी! फाटक वाजलं!"

आईनं मला काखेत धरून कॉटवर अक्षरशः टाकलं. क्षणापूर्वी मी खिडकीचे गज धरून उभी होते. स्वतःच्या पायांवर! गुडघे लटपटत होते, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि हीच बाई माझ्या पाठीशी उभी राहून ओरडत होती, "ताठ हो! म्हातारीगत वाकलीस कशाला?" आणि कडी वाजली मात्र, मी पुन्हा आडवी.

चादर गळ्यापर्यंत. गळ्याभोवती टॉवेल. डोक्याखालची उशीसुद्धा ओढून घेतली. उशीवर डोकं उंच दिसतं, आणि डोकं उंच दिसलं की माणूस बरं दिसतं.

शेजारच्या पारूआक्का आत आल्या. हातात पिशवी, पिशवीत सफरचंदं. मी तोंडानं जेवायला लागल्यापासून आमच्या घरी इतकी सफरचंदं आली होती की आमची म्हैससुद्धा ती बघून मान फिरवायची.

"कशी हाय गं पोर?" पारूआक्कांनी विचारलं. मला नाही, आईला. मी समोर डोळे उघडे ठेवून पडले होते, तरी आईला.

"कशाची कशी," आई म्हणाली. "हाय तशीच."

"बसती तरी का?"

"कुठं बसतीया."

मी म्हटलं, "मी उभी होते." म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. गळ्याला भोक पाडून घातलेली नळी काढून बरेच दिवस झाले होते, पण माझा आवाज अजून परत आला नव्हता. बोलायला गेले की पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी नुसती हवा सुटायची.

"काय म्हणतीया?" पारूआक्का खाली वाकल्या.

"पाणी मागालीय," आई म्हणाली आणि तिनं चमच्यानं माझ्या तोंडात पाणी घातलं.

मी पाणी मागितलं नव्हतं! मला तहान लागली नव्हती! पण तोंडात पाणी असताना भांडणार कसं?

पारूआक्का खुर्चीत ऐसपैस बसल्या. "माझ्या नणंदंच्या दिराचं आस्संच झालं हुतं बघ. मशिनीवरनं काढला, घरला आणला, समद्यांस्नी वळखलं, कपभर च्या पिला, आन्..."

"आक्का, च्या ठेवू न्हवं?" आई म्हणाली.

"ठेव की. आन् कप खाली ठिवला तो ठिवलाच."

आज तीन वर्षांनी मी हे सांगून मैत्रिणींना हसवते. बारावीत आहे, आवाज परत आलाय (जरा घोगरा, पण वक्तृत्वात त्याच आवाजावर बक्षीस काढलंय), आणि कुणी मला चमच्यानं पाणी पाजायची हिंमत करणार नाही. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि छताच्या वाशांकडं बघत दात खात पडले होते.

झालं होतं ते असं. आमचं गाव गडहिंग्लजच्या अलीकडं. बाबा मिल्ट्रीत, त्या वेळी पार वर, बर्फात. घरी आई, मी आणि म्हैस. नववीला असताना श्रावणात मला ताप आला, तापाचा न्यूमोनिया झाला, आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात मी मशीनवर गेले. तिथले दिवस मला आठवत नाहीत. छताला एक पांढरा दिवा होता आणि कुणी तरी सारखं माझं नाव घेऊन "डोळे उघड" म्हणायचं, एवढंच. दिवाळीच्या आधी मला घरी आणलं ते गाडीतून उचलून. लोकांना वाटलं, घरी आली म्हणजे संपलं. उलट तिथूनच सुरू झालं.

मला कुणी सांगितलंच नव्हतं की माणूस नुसता पडून राहिला तर त्याचे पायसुद्धा चालणं विसरतात. घरी आले तेव्हा मला चमचा उचलवत नव्हता. भरलेला नव्हे, रिकामा! कूस वळायचं म्हणजे आधी बेत करायचा, मग दम घ्यायचा, मग वळायचं, आणि वळून झालं की कशाला वळले होते तेच आठवायचं नाही. कंगव्यात केसांचा पुंजका नाही, अख्खी वेणी यायची. नखांवर आडव्या खाचा पडल्या होत्या. उजवं पाऊल लोंबायचं, बोटं वर उचलायची म्हटली तर ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी गप्प पडायची. पाठीला झालेली जखम अजून ओली होती. आणि भूक! मध्येच रडू यावं इतकी भूक लागायची आणि दोन घास खाल्ले की जेवण्यानंच दमायला व्हायचं.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी निघताना बजावलं होतं. झोपायचं ते फक्त रात्री. दिवसा बसायचं, उभं राहायचं, धरून धरून चालायचं. पडून राहिलीस तर पडूनच राहशील.

आणि आईनं ते ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे काय, गिळलंच होतं! दार बंद असलं की ती बाई आई राहायची नाही, बाबांच्या पलटणीतली हवालदार व्हायची. पहाटे धार काढून आली की माझ्या अंगावरची चादर ओढायची. लोंबणारं पाऊल मांडीवर घेऊन, पट्टीनं बांधून, वर-खाली वर-खाली करायची. कमरेला साडीचा पिळा गुंडाळून तो धरून मला सोप्यातून स्वयंपाकघरात चालवायची.

"उचल पाय! म्हस बरी तुझ्यापरास, न सांगता उचलती!"

"दमले." हे मी ओठांनी म्हणायचे, आवाजाशिवाय.

"मशिनीवर झोपलीस की पोटभर. आता कसली दमालीस?"

मी रडायचे, ती दुर्लक्ष करायची. मी खाली बसले तर माझ्याशेजारी बसायची आणि म्हणायची, "झालं बसून? ऊठ." मी हात झटकला की तीही झटकायची, पण कमरेचा पिळा काही सोडायची नाही. पहिल्यांदा चूल ते दार एवढं न थांबता चालले, तेव्हा तिनं एक शब्द काढला नाही. गुपचूप दुधावरची सगळी साय माझ्या वाटीत घातली.

आणि फाटक वाजलं की, झोप!

कुणीही येवो, दूध न्यायला, रेशनचं सांगायला, बघायला. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जायचंच असतं, नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळं लोक येतच राहायचे आणि मी पडतच राहायचे. दिवसातून इतक्या वेळा उभी राहून इतक्या वेळा पडायचे की मॅडमचा व्यायाम त्यातच व्हावा. आणि येणाऱ्या प्रत्येकाला आईचं एकच उत्तर, हाय तशीच. लोक हळहळायचे. माझ्याच कॉटच्या कडेला बसून माझ्याबद्दल असं बोलायचे की मी फोटोत आहे. "जीव वाचला, ह्येच लई." "आता कुठली पयल्यासारखी व्हतीया." "लग्नाचं कसं व्हायचं हिच्या?" लग्नाचं! मला शाळेचा जिना चढायचा होता आणि ह्यांना माझं लग्न पडलं होतं.

पण खरी आग कशानं लागली, तर बाबांच्या फोननं.

दर रविवारी दुपारी बाबांशी बोलणं व्हायचं. त्या रविवारी मी खुर्चीत बसून भाकरी खात होते. मी, स्वतः, तुकडा मोडून! समोर बसून आई फोनवर बोलत होती. पलीकडून बाबा विचारत असणार, कारण आई माझ्याकडं बघत, माझ्या हातातल्या भाकरीकडं बघत म्हणाली, "हाय तशीच."

मी तुकडा खाली ठेवला. हात पुढं केला, फोन दे म्हणून. ती उठून अंगणात गेली.

बाबा तिकडं बर्फात उभे राहून काय डोळ्यांपुढं आणत असतील? चादर, टॉवेल आणि उशी नसलेलं डोकं!

ती आत आल्यावर मी विचारलं. एकेक शब्द हवा भरून भरून काढावा लागला. "तुला माझी लाज वाटते?"

"काय?"

"केस गेले म्हणून. गळ्याला खड्डा आहे म्हणून. पाय ओढत चालते म्हणून. लोकांनी बघू नये."

आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, काय बोलतेस कस्तू, असं कसं वाटेल मला. ती म्हणाली, "गप जेव."

गप जेव! म्हणजे खरंच होतं. मी जेवले नाही. ताटसुद्धा सरकवायची ताकद नव्हती, नाही तर भिरकावलंच असतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी आई डेअरीला गेली होती आणि निलोफर आली. निलू माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. आईनं तिला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं, कस्तू झोपलीय म्हणून. त्या दिवशी दारात कुणी नव्हतं. ती मांजरासारखी आत आली आणि मी खुर्चीत बसलेली बघून किंचाळली.

"बसतेस तू?"

 मी खुर्चीचे हात धरून उठले आणि तिच्यापर्यंत चालत गेले. पाय ओढत, भिंत धरत, पण गेले. निलू हमसून हमसून रडायला लागली.

"रडतेस काय येडे?"

"अगं तुझी आई बाजारात सांगत होती, अजून कूस वळता येत नाही म्हणून! आम्ही सगळ्या..." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "आणि मगदूम सरांनी वर्गात सांगितलं, कस्तुरीचं आता पुढच्या वर्षी. तिला परत नववीत बसवू. तुझ्या जागेवर ती सोलापूरची नवीन पोरगी बसते. पाय हलवते सारखी."

मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं, पण आत गेलं नाही. मग गेलं. परत नववी! निलू दहावीत, सगळ्याजणी दहावीत, आणि मी खालच्या पोरींबरोबर, "मशीनवाली" म्हणून. आजारानं पावसाळा खाल्ला, दिवाळी खाल्ली, केस खाल्ले, आवाज खाल्ला. आता वर्ष पण? आणि ते आजारानं नव्हे! आईनं, बाजारात उभं राहून, भाजी घेता घेता!

"सरांना सांग," मी म्हटलं. "कस्तुरी चालते. विश्वास नसेल तर येऊन बघा म्हणावं."

"तुझ्या आईला कळलं तर?"

"कळू दे."

मगदूम सर रविवारी सकाळी आले. आमचे हेडसर, उंचेपुरे, पांढऱ्या शर्टाला इस्त्री अशी की कोपरानं भाजी चिरावी. ते आवाज न चढवता बोलायचे आणि अख्खी शाळा गप्प व्हायची. फाटक वाजलं आणि अर्थातच, झोप! चादर! टॉवेल!

मी विरोध केला नाही. निमूट पडले. आईला त्याचंच आश्चर्य वाटलं असावं, तिनं दोनदा वळून बघितलं.

सर खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली. "काय कस्तुरी, कशी आहेस?" हे त्यांनी मला विचारलं. इतक्या महिन्यांत मला विचारणारा पहिला माणूस! पण मी हवा भरेपर्यंत आईनं उत्तर दिलं.

"हाय तशीच, सर."

"बरं. बरं." सर टोपीशी चाळा करत राहिले. "हे बघा वहिनी, मी स्पष्टच विचारतो. वार्षिक परीक्षेला अजून अवकाश आहे. हजेरीचं माझ्यावर सोडा, दवाखान्याची कागदं आहेत, मी बघतो. आत्ता शाळेत यायला लागली तर बसू शकेल परीक्षेला. नववीचा वर्ग खाली आणू एक वेळ. पण बसण्याइतकी ताकद तिच्यात आहे का, ते तुम्ही सांगायचं. तुमच्या शब्दावर मी तिला आत घेणार. काय म्हणता?"

मी आईकडं बघितलं. इतकं सोपं होतं. एक शब्द. चूल ते दार तिनं स्वतः चालवलेलं, पिळा धरून धरून तिचे हात सोलवटलेले. नुसतं हो म्हणायचं होतं!

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "हाय तशीच," ती म्हणाली. आवाज खाली गेला होता. "कुठं बसवतंय सर तिला."

"मग राहू दे," सर म्हणाले. उठायला लागले. "जीव वाचला, हे काय कमी आहे? एक वर्षानं काही बिघडत नाही."

बिघडत नाही!

मी चादर लाथाडली. लाथ कसली, पाय बाहेर ढकलला, पण मनातून लाथच होती. कुशीवर वळले, कोपरावर जोर दिला, पाय खाली सोडले. आई म्हणाली, "कस्तू!" मी उभी राहिले. टॉवेल ओढून कॉटवर टाकला. सरांना माझा गळ्याचा खड्डा दिसू दे, टक्कल दिसू दे, सगळं दिसू दे! भिंत धरली नाही. कॉटपासून सरांच्या खुर्चीपर्यंत आले. उजवा पाय घासत होता, मध्येच एकदा तोल गेला आणि आईचा हात आपोआप पुढं आला. मी तो धरला नाही. खुर्चीचा हात पकडून उभी राहिले, धापा टाकत.

सरांची टोपी खाली पडली. "अरे वा!" ते म्हणाले. "वा, वा, कस्तुरी! वहिनी, अहो ही तर चांगली ठणठणीत बरी..."

"गप्प बसा!"

आमच्या गावात मगदूम सरांना कुणी कधी गप्प बसा म्हटलेलं नाही. सरपंचांनीसुद्धा नाही. आई दोन्ही हात पुढं करून उभी होती, जणू सरांच्या तोंडातून बाहेर येणारा शब्द ती हातांनीच मागं ढकलणार होती.

"नगा म्हणू," ती म्हणाली. "पाया पडते सर. तसं नगा म्हणू."

"अहो, काय वाईट बोललो मी?"

आई खाली बसली. तिथंच, जमिनीवर.  बाहेर म्हैस खुंट्याला अंग घासत होती, तेवढाच आवाज.

"मीच म्हटलं हुतं," आई म्हणाली. सरांना नाही, फरशीला. "ह्याच तोंडानं. दवाखान्यात न्हेल्यावर हिचा ताप उतरला. हिनं इडली खाल्ली. मांडी घालून बसली कॉटवर आन् म्हणाली, आई, वेणी घाल. मी वेणी घातली. तवाच ह्यांचा फोन आला. रजा मंजूर झालीया, आत्ता निघतो म्हणाले. मी म्हटलं, कशाला येताय? लेक बरी झाली तुमची. एकदम बरी झाली. रजा ऱ्हाऊ द्या दिवाळीला." तिनं पदर तोंडाला लावला. "त्यांनी रजा रद्द केली. आन् सांजच्याला हिचं ओठ निळं पडलं. ती वेणी तशीच हुती, सर. वेणीसकट मशिनीवर घातली. ते आले तवा ही काचंच्या आत हुती. मला काय बोलले न्हाईत ते. एक शब्द न्हाई बोलले."

मला हे काहीच माहीत नव्हतं. इडली आठवत नव्हती, वेणी आठवत नव्हती. सगळ्यांना वाटतं की इथं मी आईच्या गळ्यात पडले असणार. पारूआक्का तर अजून तसंच सांगतात, त्या तिथं नव्हत्या तरी.

मी नाही पडले. मला इतका राग आला होता की डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. बहुतेक थोडे दमल्यामुळंही असतील.

"म्हणून?" मी म्हटलं. "म्हणून मी जन्मभर पडून राहायचं?"

"तसं न्हवं..."

"जंतूंना फोन ऐकू येतो? मला न्यूमोनिया झाला होता, आई! तू काय म्हणालीस ते माझ्या छातीला काय माहीत?" हवा संपली. परत भरली. "आणि उठले कशानं मी? तू हाय तशीच म्हणालीस म्हणून? पहाटेपासून तू पाय वळवलेस म्हणून उठले! शिव्या घालून घालून उठवलंस! ते सांग की लोकांना! ते का लपवतेस?"

शेवटचा शब्द मोठ्यानं बाहेर पडला. फाटका, चिरका, पण आवाज. माझा. मी दचकले, सर दचकले, आणि आईनं पहिल्यांदा मान वर केली.

सरांनी टोपी उचलली, झटकली. "मी थांबतो," ते म्हणाले. "घाई नाही. पण नुसतं ही बोलून मला चालणार नाही वहिनी. तुम्ही बोलायला पाहिजे. उद्या पायरीवर पडली तर तुम्हाला मी काय सांगू?"

"बाबांना फोन लाव," मी आईला म्हटलं. "आत्ता."

"आत्ता कुठली रेंज..."

"लाव."

तिनं लावला. लागायचा नाही अशी तिची आशा असणार. पण लागला. वाऱ्याचा घोंगाट, आणि त्यातून बाबा, "मालन? बोल. कस्तू कशी आहे?"

आईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. "हाय," ती म्हणाली, आणि थांबली.

पुढचा शब्द मला पाठ होता. मी खुर्चीचा हात सोडला आणि तशीच उभी राहिले. मांड्या थरथरत होत्या, ते तिला दिसत होतं. दिसू दे. तिनं माझ्याकडं पायापासून वरपर्यंत बघितलं, म्हैस विकत घेताना बघतात तसं.

"बरी हाय," आई म्हणाली.

पलीकडं नुसता वारा. मग बाबांचा आवाज आला, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "मालन? काय झालं? खरं सांग. काय झालं तिला?"

म्हणजे त्यांनाही! तिकडं एवढ्या उंचावर, खांद्यावर बंदूक घेऊन उभा असलेला माझा बाप त्या एका शब्दाला भीत होता.

"काय झालं न्हाई," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द ठोकून ठोकून येत होते. "बरी हाय. चालालीय. भांडालीय माझ्याशी. उद्यापास्नं शाळंला जाणार हाय. सर बसल्यात हितं, त्यांस्नी बी सांगते. बसंल ती वर्गात. बरी हाय."

फोन तिच्या मांडीवर पडला. आतून बाबा हॅलो, हॅलो करत राहिले. सर उठून उभे राहिले होते. आई गुडघ्यांवर पुढं सरकली आणि तिनं माझं मनगट पकडलं, दुखेल इतकं घट्ट. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. ओठांकडं बघत होती. रंगाकडं.

माझा राग अजून उतरला नव्हता. त्याच रागात मी तोंड मिटलं आणि नाकानं लांब श्वास ओढला, छाती वर आलेली तिला नीट दिसेल एवढा. सोडला. परत ओढला.

"बघ," मी म्हटलं.

ती बघत होती.